शंभर वर्षांतून एकदा म्हणजे नक्की कधी?

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी हा भाग लिहून देतोय. बोलतानाचं अडखळणं तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे. या भागात आकडे जरा जास्त आहेत, आणि बसमध्ये, लोकलमध्ये ऐकताना आकडे निसटतात. म्हणून हेडफोन काढून एकदा वाचा.)



आजचा विषय समुद्राचा आहे. पण सुरुवात एका फोनपासून करतो, जो लागत नव्हता.

३ जून २०२०. लॉकडाऊन चालू होतं. मी पुण्यात, भाड्याच्या खोलीत, लॅपटॉपसमोर. निसर्ग चक्रीवादळ येणार हे दोन दिवस सगळे सांगत होते. टीव्हीवर प्रत्येक चॅनलवर मुंबई. मरीन ड्राइव्ह, वरळी, गेटवे. रेनकोट घातलेले रिपोर्टर. मुंबईचं काय होणार, मुंबई वाचणार का. आणि माझं घर दिवेआगरच्या जवळ. म्हणजे मुंबईपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर दक्षिणेला. आमच्या गावाचं नाव कुठल्याच पट्टीवर नव्हतं.

दुपारी बाराच्या सुमारास आईशी शेवटचं बोलणं झालं. ती म्हणाली, "वारा खूप आहे रे, बाबा मागचं दार धरून उभे आहेत." फोन कट. मग तीन दिवस काही नाही. टॉवर पडलेले, वीज गेलेली, रस्त्यावर झाडं. चौथ्या दिवशी गावातल्या कुणीतरी म्हसळ्याच्या बाजूला जाऊन फोन केला: "तुमची माणसं बरी आहेत. छप्पर गेलं. वाडी झोपली."

वाडी झोपली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे वाडी म्हणजे नारळ-सुपारीची बाग. आजोबांनी लावलेली. झोपली म्हणजे आडवी झाली. एका दुपारात.

हे सगळं मी रडगाणं म्हणून सांगत नाहीये. त्या वर्षी दिवाळीला घरी गेलो तेव्हा बाबांनी मला एक प्रश्न विचारला. आजचा भाग त्या प्रश्नाचा आहे. बाबा म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना? मग एवढं सांग. परत सुपारी लावू का? असं वादळ परत कधी येईल?"

मी म्हटलं, "बाबा, थांबा, बघून सांगतो."

खरं सांगू का? मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम आहे. डेटा काढायचा, एक्सेल उघडायचं, उत्तर द्यायचं. त्याला सहा महिने लागले, आणि शेवटी उत्तर एक्सेलमधून आलंच नाही. ते कसं, ते सांगतो.

शंभर तोंडांचा फासा

वादळ, पूर, उधाण यांच्या बातम्यांत एक शब्द नेहमी येतो: "शंभर वर्षांतून एकदा येणारी घटना". हे ऐकलं की आपल्या डोक्यात काय येतं? की एकदा आलं, आता शंभर वर्षं सुट्टी. आमच्या शेजारचे काका मला तेच म्हणाले. "आपल्या पिढीचं येऊन गेलं, आता नातवांनी बघावं."

तसं नसतं. या वाक्याचा खरा अर्थ असा: दर वर्षी एक टक्का शक्यता. शंभर तोंडांचा एक फासा आहे असं समजा. दर वर्षी तो एकदा टाकायचा. एका तोंडावर वादळ आहे. या वर्षी ते तोंड आलं म्हणून पुढच्या वर्षी फाशाला काही आठवत नाही. सापशिडी खेळताना सलग दोनदा सहा पडतात की नाही? तसंच.

आता गंमत बघा. एका वर्षात एक टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण तुम्ही ३० वर्षांचं होम लोन काढलंत, घर किनाऱ्यावर आहे, तर त्या ३० वर्षांत ते तोंड एकदा तरी पडण्याची शक्यता किती? २६ टक्के. चारात एक. हिशोब सोपा आहे: एका वर्षी न येण्याची शक्यता ०.९९, ती स्वतःशी ३० वेळा गुणायची, ०.७४ येते, उरले २६ टक्के. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. ५० वर्षांसाठी साधारण ४० टक्के. आणि शंभर वर्षांसाठी? १०० टक्के नाही. ६३.

म्हणजे "शंभर वर्षांतून एकदा" हे ऐकायला दूरचं वाटतं, पण एका माणसाच्या आयुष्याच्या मापाने ते अजिबात दूर नाही.

सुपारीचं झाड लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. पुढे ते कित्येक दशकं देतं. म्हणजे बाबांचा प्रश्न एका वर्षाचा नव्हताच. तो ४० वर्षांचा होता.

हा एक टक्का आणला कुठून?

बरं, पण आमच्या गावासाठी एक टक्काच कशावरून? दोन का नाही? अर्धा का नाही?

इथे मी पहिल्यांदा अडकलो. आपल्या हवामान खात्याच्या चक्रीवादळांच्या नोंदी साधारण १८९१ पासूनच्या आहेत. ऐकायला खूप वाटतं. पण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर थेट धडकणारी मोठी वादळं मुळात कमी. अरबी समुद्रातली बरीच वादळं एक तर ओमान-येमेनकडे जातात, नाहीतर वळून गुजरातकडे. आपल्या बाजूला येणारी मोजकीच: नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला बसलेलं, नोव्हेंबर २००९ मध्ये मुंबई-अलिबागच्या मध्ये आलेलं फयान, मग निसर्ग. अशा हाताच्या बोटांवर मोजायच्या घटनांवरून टक्केवारी काढायची म्हणजे चार बॉल बघून बॅट्समनची सरासरी सांगण्यासारखं आहे.

आणि त्यात जुन्या नोंदींवर किती भरवसा ठेवायचा? याची एक जबरदस्त गोष्ट आहे. इंटरनेटवर जगातल्या सर्वात प्राणघातक चक्रीवादळांच्या याद्या असतात. त्यांत कित्येक वर्षं एक नाव असायचं: १८८२ चं बॉम्बे सायक्लोन, जून महिना, लाखाहून जास्त मृत्यू. मी पण ते पाहिलं आणि माझ्या शीटमध्ये टाकलं.

मग २०१९ मधला एक शोधनिबंध हाती लागला. कोलंबिया विद्यापीठातले अॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, त्यांत भारतीय शास्त्रज्ञही आहेत. मुंबईला चक्रीवादळाचा धोका किती, हा विषय. त्यांनी ही १८८२ ची गोष्ट तपासली आणि निष्कर्ष काढला की असं वादळ जवळजवळ नक्कीच झालेलं नाही! कुठेतरी चूक झाली आणि ती एकाने दुसऱ्याची कॉपी करत पुढे गेली. विचार करा ना, १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. लाखभर माणसं गेली म्हणजे दर आठातला एक. शहर हे विसरेल का? आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात ते आलं नसतं का?

मी माझ्या शीटमधली ती ओळ डिलीट केली. जरा लाजच वाटली. व्हॉट्सअॅप फॉरवर्डला आपण नावं ठेवतो आणि स्वतः तेच केलं.

पण याच शोधनिबंधातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. इतिहासात पुरेसा डेटा नाही, मग करायचं काय? आम्ही सॉफ्टवेअरवाले काय करतो? ॲपवर अजून दहा लाख लोक आलेले नाहीत, पण आले तर सर्व्हर टिकेल का हे बघायचं असतं. तेव्हा आम्ही खोटे युजर्स तयार करतो आणि लोड टेस्ट करतो. हवामानशास्त्रज्ञ तेच करतात. वादळं कुठे जन्मतात, कशी सरकतात, कोमट पाण्यावर कशी जोर धरतात, हे सगळं कॉम्प्युटरला द्यायचं आणि हजारो वर्षांची काल्पनिक पण शक्य असलेली वादळं तयार करायची. मग मोजायचं, त्यांतली किती मुंबईवर येतात.

उत्तर काय येतं? मोठं वादळ थेट मुंबईवर येणं दुर्मिळ आहे. पण शून्य नाही. आजवर झालेलं नाही म्हणून होणार नाही, असं म्हणता येत नाही. लेखक अमिताव घोष यांनी २०१६ च्या 'द ग्रेट डिरेंजमेंट' या पुस्तकात हाच प्रश्न उचलला होता: मुंबईवर असं वादळ आलं तर काय?

फासाच बदलतोय

इथपर्यंत मी गृहीत धरलं होतं की फासा तोच आहे. तो तोच राहिलेला नाही.

पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी, २०२१ मध्ये एक अभ्यास मांडला. १९८२ ते २०१९ चा काळ. त्यांतल्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत नंतरच्या दोन दशकांत अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. अतितीव्र वादळं १५० टक्क्यांनी. कारण मुख्यतः पाण्याचं तापमान. वादळाचं इंधन म्हणजे कोमट पाणी, आणि अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने थंड असायचा.

इथे एक सावधगिरी. अरबी समुद्रात वादळं मुळात कमी होतात. लहान आकड्यावरची टक्केवारी मोठी दिसते. दोनाची पाच झाली तरी १५० टक्केच. त्यामुळे हा आकडा घेऊन "कोकण संपलं" असं कुणी ओरडत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. पण "काही बदललेलं नाही" असं म्हणणाऱ्याकडेही.

दुसरा बदल जास्त शांत आहे. समुद्राची पातळी. १९०१ ते २०१८ मध्ये जगभरात सरासरी २० सेंटिमीटर वाढली. आधीच्या काळात वर्षाला १.३ मिलिमीटर वेग होता, २००६ ते २०१८ मध्ये ३.७. हे आयपीसीसीच्या सहाव्या अहवालातले आकडे. वीस सेंटिमीटर म्हणजे एक वीत. वीतभर पाण्याने काय होतंय, असं मलाही वाटायचं.

तर घराचा उंबरा डोळ्यांसमोर आणा. पाणी उंबऱ्याच्या आत यायला शंभर वर्षांतून एकदा येणारी मोठी लाट लागते. आता उंबरा तेवढाच ठेवा, पण अंगणाची जमीन वीतभर वर आणा. आता जी लाट दर दहा वर्षांनी यायची, तीच आत येते. आणखी वीतभर आणा. आता दर वर्षीचं उधाण आत येतं. लाटा मोठ्या झाल्याच नाहीत! त्या उभ्या कुठून राहतात ती जागा वर आली.

आयपीसीसीचं वाक्य नेमकं याबद्दल आहे: पूर्वी शतकातून एकदा दिसणारी समुद्राची टोकाची पातळी २१०० पर्यंत जगातल्या निम्म्याहून जास्त मोजणी-केंद्रांवर वर्षातून किमान एकदा दिसेल. शंभर वर्षांतून एकदा ते दर वर्षी! आणि २१०० पर्यंत पातळी किती वाढेल, ते आपण किती धूर सोडतो त्यावर आहे. खूप आवर घातला तर २८ ते ५५ सेंटिमीटर, नाही घातला तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर.

वादळ मोठं की नुकसान मोठं?

आता थोडं थांबू, कारण इथे एक गोंधळ होतो. वादळाचा जोर आणि आपल्याला असलेला धोका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या क्षेत्रातले लोक तीन प्रश्न वेगळे ठेवतात. एक, संकट केवढं? दोन, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे? तीन, जे वाटेत आहे ते किती सहज मोडतं? तिन्हींचा गुणाकार म्हणजे धोका. एक जरी शून्याजवळ आणलं तरी गुणाकार खाली येतो.

संकट केवढं, हेसुद्धा फक्त वाऱ्याच्या वेगावर नसतं. चक्रीवादळात समुद्र फुगतो. वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो, शिवाय हवेचा दाब कमी झाला की पाणी थोडं वर उचललं जातं. याला स्टॉर्म सर्ज म्हणतात. निसर्गच्या वेळी मुंबई, ठाणे, रायगडसाठी नेहमीच्या भरतीच्या वर एक ते दोन मीटरचा इशारा होता. "नेहमीच्या भरतीच्या वर" हे शब्द महत्त्वाचे. कोळीवाड्यातला कुणीही सांगेल की उधाणाची भरती वेगळी, भांगाची वेगळी. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणजे तेच वादळ ओहोटीला आलं तर पाणी वाळूवरच राहतं, सहा तास उशिरा आलं तर घरात. एवढ्या मोठ्या संकटाचं गणित सहा तासांवर!

आणि बाजू. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. निसर्ग ईशान्येकडे सरकत अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे श्रीवर्धनच्या बाजूला, वारा समुद्रावरून जमिनीकडे होता. डाव्या हाताला, मुंबईकडे, जमिनीवरून समुद्राकडे. मुंबई वाचली यात हे एक कारण होतं. तेच वादळ शंभर किलोमीटर वर गेलं असतं तर उजव्या हाताला मुंबई आली असती.

त्यात पाऊस मिळवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भरतीमुळे नाल्यांचं पाणी समुद्रात जाईना. त्या दिवशी चक्रीवादळ नव्हतंच. एकेकटी गोष्ट सोसता येते, दोन एकत्र आल्या की सिस्टीम बसते. आमच्या कामात पण मोठे क्रॅश असेच होतात.

वाटेत कोण आहे, याचं उदाहरण तौक्ते. १७ मे २०२१. ते मुंबईला धडकलं नाही, समुद्रातून वर गुजरातला गेलं. तरी कुलाब्याला वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला. आणि मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात २६१ माणसं असलेला एक बार्ज बुडाला. सत्तरच्या आसपास माणसं गेली. इशारे आधीपासून होते. पण माणसं वाटेत राहिली.

आणि किती सहज मोडतं, याचं उदाहरण ओडिशा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात जवळपास दहा हजार माणसं गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच राज्यात फायलिन आलं. १९९९ एवढं नाही, पण त्याच पंक्तीतलं. आधी दहा लाखांच्या आसपास लोकांना हलवलं. मृत्यू पन्नासच्या आत. समुद्र काही दयाळू झाला नव्हता. निवारे बांधले होते, इशारा शेवटच्या घरापर्यंत जात होता, आणि लोकांचा त्यावर विश्वास होता. तिसरा आकडा खाली आणला, गुणाकार खाली आला.

परत बाबांकडे

मी शीट बनवली. निसर्गसारखं वादळ आमच्या गावाला किती वर्षांनी, हे नक्की कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तीन शक्यता धरल्या. शंभर वर्षांतून एकदा धरलं तर ४० वर्षांत वाडी पुन्हा झोपायची शक्यता ३३ टक्के. पन्नास धरलं तर ५५. आणि पुढे वाढतंय म्हणून पंचवीस धरलं तर ८०. मग दर वर्षीचं सरासरी नुकसान काढलं, सुपारीच्या उत्पन्नातून वजा केलं, आणि बाबांना सांगितलं, "बाबा, परवडत नाही. नका लावू. जमीन भाड्याने द्या, नाहीतर होमस्टे काढू."

बाबांनी शीट बघितली. मोबाईलवर, चष्मा कपाळावर चढवून. मग म्हणाले, "हे सरासरी नुकसान म्हणजे काय?"

मी सांगितलं, "एकूण नुकसान भागिले वर्षं."

ते म्हणाले, "अरे, माझ्या वाडीचं सरासरी नुकसान कधीच होणार नाही. एकतर काहीच होणार नाही, नाहीतर सगळं जाईल. सरासरीने छप्पर उडत नाही."

मी गप्प. बीटेक, पाच वर्षांचा अनुभव, आणि गप्प.

कारण ते बरोबर होते. सरासरी विमा कंपनीला चालते, तिच्याकडे लाखो घरं असतात. ज्याच्याकडे एकच घर आणि एकच वाडी आहे त्याला सरासरी कधी भेटतच नाही. त्याचा प्रश्न वेगळा असतो: ज्या दिवशी सगळं जाईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उभा राहू शकतो का? भरपाईचं म्हणाल तर ती हेक्टरच्या हिशोबाने मोजतात, आणि कोकणातली वाडी असते गुंठ्यांत.

मग आम्ही दोघांनी प्रश्न बदलला. "वादळ कधी येईल?" हा सोडून दिला. त्याऐवजी विचारलं: ३३ असो, ५५ असो की ८०, तिन्हींत चालेल असं काय करता येईल?

उत्तरं साधी निघाली. पहिलं, जीव. घराच्या मागे एक खोली स्लॅबची बांधली. हा हट्ट आईचा. ती म्हणाली, "दार धरून उभं राहायचं वय राहिलं नाही आता यांचं." बाकी घरावर पुन्हा कौलं-पत्रेच आहेत, पण वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधलेत. दुसरं, पैसा. वादळानंतर आमच्याकडे महिनाभर वीज नव्हती. विहिरीत पाणी होतं, पण पंप बंद. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवला, त्याला हात लावायचा नाही. तिसरं, वाडी. बाबांनी सुपारी लावली! पण सगळी नाही, आणि एकदम नाही. दर वर्षी थोडी. आधी सावलीला केळी, मग सुपारी, पुढे मधे जायफळ आणि मिरी. सगळी झाडं एकाच वयाची, एकाच उंचीची नकोत. म्हणजे एका दुपारात सगळं जाणार नाही.

पुन्हा वादळ आलं तर नुकसान होईल का? होईल. मी त्याला सोल्यूशन म्हणत नाही. पण आता ते नुकसान आम्हाला संपवणार नाही, एवढं नक्की.

नेदरलँड्सने हेच देशाच्या मापाने केलं. १९५३ च्या समुद्राच्या पुरात तिथे १,८३६ माणसं गेली. मग त्यांनी ठरवलं की सर्वात दाट वस्तीच्या भागाचे बांध दहा हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्याला टिकतील असे हवेत. हा आकडा समुद्राने दिला नाही. किती धोका सोसायचा हे लोकांनी ठरवलं. आपल्याकडे मात्र किनारपट्टीच्या २०१९ च्या नियमांत धोक्याची रेषा, म्हणजे हॅझर्ड लाइन, आपत्ती नियोजनापुरती ठेवली आहे. बांधकाम कुठपर्यंत चालेल, ते अजूनही मुख्यतः भरतीच्या रेषेवरून ठरतं. आणि ती भरतीची रेषा आजच्या समुद्राची आहे, पुढच्या ४० वर्षांच्या नाही.

तुम्ही काय करू शकता?

किनाऱ्यावर राहत असाल, किंवा गावी घर असेल, तर चार गोष्टी.

एक. वादळाच्या नकाशावर जो शंकूसारखा पट्टा दाखवतात, तो वादळाचा आकार नाही. वादळाचं केंद्र त्या पट्ट्यात कुठेही असू शकतं, एवढाच त्याचा अर्थ. मधल्या रेषेवर आपलं गाव नाही म्हणून निवांत होऊ नका. आम्ही तेच केलं होतं.

दोन. वादळाची वेळ कळली की त्या दिवसाची भरतीची वेळ बघा. वेळापत्रक मोबाईलवर मिळतं. दोन्ही जवळ असतील तर सखल घर आधीच सोडा.

तीन. किनाऱ्याजवळ फ्लॅट किंवा प्लॉट घेताना "सी व्ह्यू" विचारता ना? त्याच्या जोडीला हेही विचारा: जोत्याची उंची किती? २००५ ला, तौक्तेला इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं? बिल्डर सांगणार नाही. कोपऱ्यावरचा जुना दुकानदार सांगेल.

चार. घरी बसून एक प्रश्न विचारा: एका दुपारात सगळं गेलं तर आपण दुसऱ्या दिवशी कशावर उभे राहू? उत्तर नसेल तर तिथून सुरुवात करा. टक्केवारी नंतर बघू.

गेल्या महिन्यात बाबांनी फोटो पाठवला. पहिल्या वर्षी लावलेल्या सुपारीला पहिला घड धरलाय. खाली लिहिलं होतं, "तुझ्या शीटमध्ये हे टाक."

टाकलं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात समुद्राचं पाणी कुठपर्यंत आलं होतं, घरातल्या मोठ्यांना विचारा आणि मला पाठवा. हा भाग किनाऱ्यावरच्या एका तरी माणसाला ऐकवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.